ओळखीतली जुनी शॉटगन आणि मधली दुकानवारी

इथल्या मराठी मंडळात मी ट्रॅप शूटिंगला जातो हे कळल्यापासून प्रत्येक गणपतीत कुणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतंच, की काय रे, तिकडे खरंच भाजी घेतल्यासारखी बंदूक मिळते का. मी गेल्या वर्षी घेतली, आणि तीही नवी नाही, क्लबातल्या एका माणसाकडून जुनी घेतली, म्हणजे एका खाजगी माणसाने दुसऱ्या खाजगी माणसाला विकलेली. त्यात काय काय झालं ते एकदाच सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी मोदक खाता येतील शांतपणे.

मी स्पोकॅनला राहतो. वॉशिंग्टन राज्य असलं तरी सिएटलपासून साडेचार तास लांब, आणि आयडाहोची हद्द अर्ध्या तासाच्या आत. हे हद्दीचं प्रकरण पुढे येणार आहे म्हणून आत्ताच सांगितलं. ट्रॅप म्हणजे केशरी रंगाच्या मातीच्या थाळ्या मशीनमधून हवेत उडतात आणि त्या शॉटगनने फोडायच्या, एका राउंडला २५. मी ऑफिसातल्या लोकांबरोबर एकदा गेलो आणि अडकलोच. पहिले बरेच महिने क्लबातली भाड्याची बंदूक वापरली, पण तिचा दस्ता मला लांब पडायचा, खांद्याला नीट बसायची नाही, म्हणून स्वतःची बघायला लागलो.

पहिली सापडली ती आयडाहोत, कोर्डलेनला. ऑनलाइन जाहिरात होती, किंमत मस्त, फोटो चांगले. मी मेसेज केला, शनिवारी एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटायचं ठरलं. माणूस सभ्य होता, बंदूक दाखवण्याआधीच म्हणाला, लायसन्स दाखव. मी ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, त्याने वॉशिंग्टन वाचलं आणि मान हलवली. नाही जमणार. का, तर दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या खाजगी माणसांना थेट हातोहात व्यवहार करायला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यानेच बंदी आहे, मध्ये लायसन्सवाला दुकानदार लागतो, आणि त्याला ती कटकट नको होती. मी आयडाहोचा असतो तर? तर काही नाही, पैसे दे आणि घेऊन जा. तो माझं लायसन्स बघत होता तेही स्वतःच्या समाधानासाठी, कारण आयडाहोत राहणाऱ्या एका माणसाने आयडाहोतल्याच दुसऱ्याला स्वतःची शॉटगन विकली तर घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायची सक्ती कुणावरच नाही. समोरचा बंदूक ठेवायला अपात्र आहे हे ठाऊक असूनही किंवा तसा रास्त संशय असूनही विकली तर मात्र गुन्हा. आता पार्किंगमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाबद्दल तुम्हाला ठाऊक काय असणार डोंबल.

हे असं का, तर मूळ फेडरल कायदा दुकानदारांपुरताच आहे. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनवर गोळीबार झाला तेव्हा त्यांचा प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रॅडी डोक्यात गोळी लागून कायमचा अपंग झाला, त्याच्या नावाने १९९३ मध्ये कायदा झाला, आणि नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची ही पार्श्वभूमी तपासणारी निक्स नावाची सिस्टिम सुरू झाली. दुकानदाराने गिऱ्हाइकाचं नाव, जन्मतारीख वगैरे कळवायचं, तिकडून ‘प्रोसीड’, ‘डिलेड’ किंवा ‘डिनाइड’ असं उत्तर येतं. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकली तर फेडरल कायदा काही विचारत नाही. २०१३ मध्ये सिनेटमध्ये हे थोडं घट्ट करायचा प्रयत्न झाला होता, ५४ मतं पडली, ६० लागत होती, संपलं. मग ज्या राज्यांना करायचं होतं त्यांनी आपापलं केलं. वॉशिंग्टनमध्ये तर आमदारांनीही नाही केलं, लोकांनी थेट मतदान करून केलं, २०१४ ला, आय-५९४ नावाने. गंमत म्हणजे त्याच मतपत्रिकेवर बरोबर उलटा प्रस्ताव आय-५९१ पण होता. पहिला पास झाला, दुसरा पडला. तेव्हापासून आमच्या राज्यात खाजगी विक्रीसुद्धा लायसन्सवाल्या दुकानातून, तपासणी करूनच. नाही केली तर पहिल्यांदा ग्रॉस मिसडिमीनर, म्हणजे त्यातल्या त्यात छोटा गुन्हा, आणि पुन्हा केली तर सरळ फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा.

तर कोर्डलेनहून हात हलवत परत आलो. क्लबात हे सांगत होतो तर शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, माझी घे. सत्तरीच्या पुढचा, निवृत्त सुतार, खांद्याचं ऑपरेशन झालेलं, आता त्याला धक्का सोसत नाही. रेमिंग्टन ८७० विंगमास्टर, बारा गेज, पंप. लाकडी दस्ता त्याने स्वतः पॉलिश केलेला, आणि तो माझ्या मापाचा निघाला कारण त्याने कधीतरी बायकोसाठी अर्धा-पाऊण इंच कापून घेतला होता. साडेतीनशे डॉलर ठरले. मी म्हटलं लगेच देतो, तर म्हणाला, पैसे दुकानात, सगळं दुकानात.

मग त्याने सांगितलं की मी दुसरा आहे. आधी कुणीतरी ओळखीच्याच्या ओळखीने फोन केला होता, किमतीला लगेच तयार, कधी येऊ घरी विचारत होता. ह्याने दुकानाचं नाव आणि पत्ता दिला की इथे भेटू. हो हो म्हणाला आणि परत फोनच उचलला नाही. म्हातारा म्हणाला, कदाचित त्याला फक्त कंटाळा आला असेल, कदाचित नसेल, मला कसं कळणार. मला हे वाक्य आवडलं. ह्या सगळ्या तपासण्यांबद्दल आकडे दिले जातात तेव्हा किती जणांना नकार मिळाला ते मोजतात, पण जे काउंटरपर्यंत आलेच नाहीत ते कुठे मोजणार? आणि ते गेले कुठे, हद्द तर वीसेक मैलांवर.

दुकानात जाण्याआधी माझ्याकडे एक कागद असणं गरजेचं होतं, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. २०२४ च्या १ जानेवारीपासून वॉशिंग्टनमध्ये कुठलीही बंदूक घ्यायची तर गेल्या पाच वर्षांत सेफ्टी ट्रेनिंग केल्याचा पुरावा लागतो. मी क्लबातल्याच इन्स्ट्रक्टरकडे केलं होतं. मला वाटलं होतं नळीचं तोंड कुठे ठेवायचं, बोट कुठे ठेवायचं एवढंच असेल. पण निम्मा वेळ कुलुपात कशी ठेवायची, घरात मुलं असतील तर काय, आणि आत्महत्या ह्या विषयावर गेला. इन्स्ट्रक्टर माजी सैनिक, एरवी बडबड्या, पण त्या भागाला एकदम हळू बोलायला लागला. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आपल्या डोक्यात बातम्यांमधले शाळा-मॉलचे गोळीबारच असतात.

दुकान म्हणजे अगदी साधं, एका बाजूला मासे पकडायचं सामान, एका बाजूला बंदुका. रस्त्यापलीकडे गांजाचं दुकान, हिरवा क्रॉस वगैरे, रीतसर सरकारी परवान्याचं. हेही पुढे येणार आहे. काउंटरवर साठीची एक बाई होती, चष्म्याला साखळी, तिने म्हाताऱ्याला नावाने हाक मारली आणि माझ्याकडे बघून फक्त, आयडी? व्यवहार आमच्या दोघांचा असला तरी तिच्या लेखी ती स्वतःच्या दुकानातली बंदूक विकत असल्यासारखंच सगळं करावं लागतं. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, गेज हे तिने आधी भरलं, खाजगी व्यवहार आहे अशा चौकोनावर खूण केली, आणि मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. फॉर्म ४४७३, एटीएफचा, म्हणजे बंदुकांचा कारभार बघणाऱ्या फेडरल खात्याचा. पानंच्या पानं सूचना.

पहिल्याच ओळीत मी अडलो, नाव. आपल्या मराठी लोकांचं हे कायमचं दुखणं. माझं मधलं नाव म्हणजे बाबांचं नाव. पासपोर्टवर माझं आणि बाबांचं नाव एकाच रकान्यात, ग्रीन कार्डवर तसंच, ड्रायव्हिंग लायसन्सवर मात्र बाबा वेगळे मिडल नेम म्हणून. मी तिला विचारलं कुठलं लिहू. ती म्हणाली आधी लायसन्स आणि ग्रीन कार्ड दोन्ही ठेव इथे, मग दोन्हीकडे बोट फिरवून म्हणाली, पूर्ण लिही, काही गाळू नको, इनिशियल नको. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे पण मी दिला, कारण नावात गोंधळ झाला तर तोच कामी येतो. ती म्हणाली की तिच्याकडे एक जण येतो, त्याचं नाव इतकं सामान्य आहे की दर वेळी कुठल्यातरी गुन्हेगाराशी जुळतं आणि दर वेळी ‘डिलेड’. शेवटी त्याने एफबीआयकडे कागदपत्रं पाठवून स्वतःचा एक वेगळा ओळख नंबर काढून घेतला, तो फॉर्मवर टाकला की मग गाडी पुढे जाते. म्हणजे निर्दोष असल्याचा नंबर. मला माझ्या वर्गातले सगळे पाटील आणि जाधव आठवले.

मग उंची, वजन, जन्माचा देश, नागरिकत्व कुठलं. मी भारतीय नागरिक, ग्रीन कार्डवाला. हे अनेकांना माहीत नसतं म्हणून लिहितो, ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याने चालतं, एलियन नंबर लिहावा लागतो. बिगर-नागरिक म्हटलं की इमिग्रेशन खात्याकडेही आपोआप विचारणा जाते. नंतर वंश, म्हणजे आधी हिस्पॅनिक आहेस की नाही, मग एशियन वगैरे, दोन्हींची उत्तरं सक्तीची.

मग येतात हो-नाही प्रश्न. पहिला सगळ्यात महत्त्वाचा, ही बंदूक तू स्वतःसाठीच घेतोयस का. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणं म्हणजे स्ट्रॉ परचेस, मोठा गुन्हा. मग तुझ्यावर फेलनीचा आरोप आहे का, शिक्षा झाली आहे का, फरारी आहेस का, कोर्टाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय किंवा सक्तीने दाखल केलंय का, बायको-मुलांना त्रास दिल्याबद्दल कोर्टाचा मनाई हुकूम आहे का, घरगुती हिंसेचा छोटा गुन्हासुद्धा सिद्ध झालाय का, सैन्यातून बेइज्जत करून काढलंय का. अमेरिकेचं नागरिकत्व कधी सोडलंस का. अहो मिळू तर दे आधी.

आणि गांजा. प्रश्नाखाली ठळक अक्षरात इशारा, की तुझ्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याने तो बेकायदेशीरच आहे. वॉशिंग्टनमध्ये २०१२ ला मतदान करून गांजा कायदेशीर झाला. म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानातून राज्याला टॅक्स भरून रीतसर घेणारा नेहमीचा गिऱ्हाईक इकडे आला तर एकतर खोटं लिहिणार, जो फेडरल गुन्हा आहे, नाहीतर खरं लिहून परत जाणार. मी बाईला विचारलं किती जण हो लिहितात. तिने चष्म्यावरून बघितलं फक्त.

ह्याशिवाय राज्याचा वेगळा अर्ज. त्यात माझी सही म्हणजे माझ्या मानसिक आरोग्याच्या नोंदींपैकी ह्या कामापुरती माहिती सरकारी खात्यांना आणि हॉस्पिटलांना देण्याची परवानगी. आणि एक इशारा, की घरात बंदूक असेल तर आत्महत्या, घरगुती हिंसेत मृत्यू, मुलांकडून अपघात ह्यांचा धोका वाढू शकतो. सिगरेटच्या पाकिटावर असतं तसं, फक्त इथे खाली सही करायची.

पूर्वी हे सगळं दुकानदार आणि एफबीआय, किंवा पिस्तूल असेल तर स्थानिक पोलीस, असं विखुरलेलं होतं. २०२४ च्या जानेवारीपासून वॉशिंग्टन स्टेट पॅट्रोलकडे, म्हणजे राज्याच्या पोलिसांकडे, सगळं एकत्र आलंय, दुकानातून त्यांच्याकडे अर्ज जातो, ते फेडरल नोंदी आणि राज्याच्या नोंदी दोन्ही बघतात. त्याची फी १८ डॉलर, वर दुकानाचा हमालीचा आकार ४० डॉलर. दोन्ही मीच दिले. म्हातारा म्हणाला अर्धे देतो, मी म्हटलं राहू दे.

उत्तर लगेच येऊन उपयोग नाही, कारण आता राज्यात कामाचे दहा दिवस थांबणं सक्तीचं आहे. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून दोन आठवडे झालेच. ह्या काळात बंदूक विकणाऱ्याने घरी परत नेली तरी चालते, मग शेवटी पुन्हा दोघांनी यायचं. म्हाताऱ्याला ते नको होतं, तो दुकानात ठेवून गेला. बाईने तिच्या रजिस्टरात चढवली, ह्याला पावती दिली आणि म्हणाली, आता ही माझ्या हिशेबात. तुझा गिऱ्हाईक नापास झाला ना, तर तुला परत द्यायच्या आधी तुलाही हाच फॉर्म भरायला लावणार. म्हातारा एकदम माझ्याकडे वळून बघायला लागला, काय रे, पास होशील ना?

हसलो सगळे, पण घरी येताना तेच डोक्यात. मी पास होणार ह्यात शंका नव्हती, पण पास म्हणजे काय हा विचार काही जाईना. मी २०११ मध्ये अमेरिकेत आलो, एकोणतीस वर्षांचा होतो. त्याआधीचं सगळं आयुष्य कोल्हापूर आणि पुणे. त्या कॉम्प्युटरला त्यातलं काय माहीत? काहीच नाही. कोल्हापूरच्या एखाद्या पोलीस स्टेशनला माझ्यावर काही असतं तर ते वेस्ट व्हर्जिनियातल्या एफबीआयच्या त्या सेंटरला कळायचा मार्गच नाही. घरी येऊन वाचत बसलो तर अजूनच चक्रावलो. फॉर्मवरचा प्रश्न आहे ‘कुठल्याही कोर्टात शिक्षा झाली आहे का’, आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कुठलंही म्हणजे अमेरिकेतलं कुठलंही. प्रकरण काय होतं तर एका माणसाला जपानमध्ये बंदुका चोरून आणल्याबद्दल शिक्षा झाली होती, ती भोगून तो परत आला आणि पेनसिल्व्हेनियात दुकानातून बंदूक घेतली. बंदुकांच्याच तस्करीची शिक्षा, तरी ह्या कलमाखाली मोजता येणार नाही म्हणाले. एका अर्थी त्यांचं बरोबर, कारण कुठल्या देशात कशाला शिक्षा करतील सांगता येत नाही, उद्या कुणी सरकारविरुद्ध बोलला म्हणून आत गेलेला असेल. पण म्हणजे माझी तपासणी ही अर्ध्याच माणसाची.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग इथे जन्मलेल्यांचं तरी सगळं असतं का? नसतंच. इन्स्ट्रक्टरने वर्गात सांगितलेलं उदाहरण आठवलं, २०१७ मध्ये टेक्सासात सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ माणसं मारली त्याला एअर फोर्सच्या लष्करी कोर्टात बायको आणि लहान मुलाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेली होती. ती नोंद एअर फोर्सने एफबीआयला पाठवलीच नाही, त्यामुळे दुकानात तो पास होत गेला. आणि २०१९ मध्ये त्याच टेक्सासात मिडलंड-ओडेसाला सात माणसं मारणारा, तो तर २०१४ लाच दुकानात नापास झाला होता, सिस्टिमने तिचं काम चोख केलं होतं, मग त्याने खाजगी माणसाकडून घेतली, जिथे कुणी विचारत नाही. पहिल्यात काउंटर होतं पण नोंद नव्हती, दुसऱ्यात नोंद होती पण काउंटर नव्हतं.

त्या आठवड्यात मामांशी फोनवर बोलणं झालं. मामा चंदगड तालुक्यातले, त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर होती कितीतरी वर्षं, रानडुकरं आणि गव्यांसाठी. दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, निकाल लागला की आणायची. मी त्यांना म्हटलं इथे दोन आठवडे थांबायला लावलंय, तर मामा फोनवर असे हसले की मामींनी येऊन विचारलं काय झालं. म्हणाले, अरे दोन आठवड्यांत आमच्या कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत अर्ज ह्या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही. त्यांनी स्वतःची बंदूक विकली तेव्हा काय केलं ते सांगितलं. घेणाऱ्याकडे आधीपासून परवाना पाहिजे. मग विकणाऱ्याने लेखी कळवायचं, जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, की ही बंदूक अमुक माणसाला विकणार आहे, आणि कळवल्यापासून ४५ दिवस जाऊ द्यायचे. हे १९५९ च्या शस्त्र कायद्यातच लिहिलेलं आहे. घेणारा शेजारच्या गावचा काजूवाला, त्याची चौकशी परवाना देतानाच झालेली. हवालदार गावात येऊन बसला होता, पोलीस पाटलाला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, चालचलन कसं, भाऊबंदकीत भांडण आहे का, पितो का.

ह्यात खरा फरक दिसतो मला. तिकडे आधी माणूस तपासतात, परवाना देतात किंवा देतच नाहीत, आणि मग बंदुकीचा नंबर त्या परवान्यावर चढतो. इथे माणसाला असा काही परवाना नाही, प्रत्येक खरेदीला पुन्हा नव्याने विचारतात, आणि कुणाकडे कुठली बंदूक आहे ह्याची देशभराची यादी ठेवायला केंद्र सरकारला १९८६ च्या कायद्याने मनाईच आहे. दुसरं म्हणजे इथे माझ्या शेजाऱ्याला कुणी विचारलं नाही. माझ्याबद्दल खरं काय ते शेजाऱ्याला जास्त माहीत आहे, कॉम्प्युटरपेक्षा. पण शेजाऱ्याला विचारायला लागले की काय होतं हेही मामांकडूनच ऐकलंय, गावातल्या एका माणसाचा परवाना त्याच्या चुलतभावाने बांधाच्या भांडणावरून कसा लटकवून ठेवला ते. त्यापेक्षा कॉम्प्युटर बरा, तो निदान बांधावरून भांडत नाही. मला ह्याचं उत्तर सापडलेलं नाही आणि सापडलं असं सांगणाऱ्यांची मला जरा भीती वाटते.

बाईचा फोन आला, क्लिअर झालंय, दिवस भरले की ये. गेलो. मला वाटलं घेऊन निघायचं, पण वेगळ्या दिवशी हातात देत असल्यामुळे फॉर्मवर पुन्हा एकदा सही, की मधल्या काळात माझी उत्तरं बदललेली नाहीत. म्हणजे दोन आठवड्यांत शिक्षा नाही झाली, गांजा नाही सुरू केला. म्हातारा येणं गरजेचं नव्हतं तरी आला होता, सोबत एक कापडी पिशवी, त्यात नळी साफ करायचं सगळं सामान, तेलाची बाटली, जुने ब्रश. साडेतीनशे रोख दिले. त्याने मोजले नाहीत, बाईने मोजले.

कुलपाचं कपाट आधीच आणून भिंतीत बोल्ट मारून ठेवलं होतं, कारण इथे बंदूक उघडी राहिली आणि ती एखाद्या मुलाच्या किंवा अपात्र माणसाच्या हाती लागून काही घडलं तर मालकावर गुन्हा होऊ शकतो. बायकोची अट त्याच्या पुढची होती, काडतुसं वेगळ्या कुलपात आणि त्याची किल्ली तिच्याकडे. मान्य.

आता कुणी घ्यायचा विचार करत असेल तर हे सगळं अजून बदलणार आहे. २०२५ मध्ये राज्याने परमिटचा कायदा केलाय, १ मे २०२७ पासून घेण्याआधी स्टेट पॅट्रोलकडून परमिट काढावं लागेल, बोटांचे ठसे, प्रत्यक्ष गोळ्या झाडून केलेलं ट्रेनिंग, आणि ते परमिट पाच वर्षं चालणार. म्हणजे हळूहळू मामांच्या पद्धतीकडेच चाललेत, हवालदार तेवढा नाही. कोर्टात काय होतं ते बघायचं.

आणि एच-वन-बी वाल्यांनो, तुम्ही नका जाऊ दुकानात. माझ्या टीममधला पुण्याचा एक मुलगा माझं बघून एकदम तयार झाला होता, क्लबात भाड्याची तरी चालवतो म्हणाला. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असाल तर घेणं सोडाच, रेंजवर हातात धरणंसुद्धा फेडरल कायद्यात बसत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारल्याशिवाय आजमावू नका, सगळं इमिग्रेशन धोक्यात येईल. त्याला हे सांगितलं तर बिचाऱ्याचं तोंड पडलं. तरी येतो दर रविवारी, माझ्या मागे स्टुलावर बसून स्कोअर लिहितो, थाळी चुकली की पुणेरी टोमणा मारतो, आणि महिन्यातून एकदा तिथेच मोबाइलवर व्हिसा बुलेटिन उघडून ग्रीन कार्डच्या रांगेतली त्याची प्रायॉरिटी डेट किती सरकली ते बघतो.